बघून काढलेला व्याळ

१

एखाद्या माणसाचं काय करावं हे सरकारला सुचलं नाही, की सरकार त्याला अहवाल लिहायला बसवतं. बहात्तरच्या दुष्काळात ही पाळी केजच्या शाळेतले ड्रॉइंग मास्तर गहिनीनाथ यांच्यावर आली. वर्गातली निम्मी मुलं आईबापांबरोबर खडी फोडायच्या कामावर गेलेली, आणि उरलेल्यांच्या रंगाच्या वाटीत ओतायला पाणी नाही. तेव्हा तहसीलनं त्यांना शाळेकडून उसनं मागून घेतलं.

काम असं होतं. केजपासून आठ कोसांवर सावरगव्हाण नावाचं गाव. तिथं यादवांच्या काळातली एक बारव होती, म्हणजे पायऱ्या उतरून पाण्यापर्यंत जावं लागतं अशी दगडी विहीर. गावातले सगळे आड आणि विहिरी आटल्या, बारव तेवढी आटली नाही. पण पाणी पार तळाला गेलं. तळाशी भिंतीत एक बुटकी कमान होती आणि तिच्या आतून पाझर येत होता. गावच्या सोसायटीचे चेअरमन सुंदरराव यांचं म्हणणं असं, की कमानीचे दगड फोडून तोंड मोठं केलं तर पाझराची धार होईल. मग वर ऑइल इंजिन बसवू, माणसांचं भागेल आणि जनावरांचंही. तसा त्यांनी अर्ज केला, सोबत केजच्या स्टुडिओवाल्याकडून काढून घेतलेला एक फोटोही जोडला. वरून पत्र आलं, की बारवेत जुनी शिल्पं असल्याचं समजतं, सबब कमान फोडल्यास कोणत्या शिल्पास बाधा येते याचा चित्रासह अहवाल सादर व्हावा. तालुक्यात चित्र काढता येणारा सरकारी माणूस एकच होता.

मास्तर सोमवारी पोचले. इंजिन शुक्रवारी यायचं होतं. अहवालाच्या आधी इंजिन मागवलेलं होतं, यावरून सुंदरराव सहकारात किती मुरलेले होते ते कळावं. पण माणूस वाईट नव्हता. त्यांनी मास्तरांना स्वतःच्या वाटणीच्या पाण्याचा चहा पाजला आणि सरळच सांगितलं.

"तीनशे मानूस हाय, सातशे जनावर. चैत निघत न्हाई, मास्तर. तुमी एवढंच लिव्हा की कमान साधी हाय. मग गाव ऱ्हातंय."

मास्तर म्हणाले, आधी बघतो.

बघणं हाच त्यांचा धंदा होता. बावीस वर्षं त्यांनी मुलांच्या चित्रांना मार्क दिले होते आणि त्यातून एक गोष्ट ते शिकले होते. मुलांना बैल काढा म्हणावं. ज्याच्या घरी बैल आहे, तो मानेवरचा जुवाचा घट्टा काढतो, झिजलेलं शिंग काढतो, शेपटाला चिकटलेलं शेण काढतो. ज्याच्या घरी नाही, तो निवडणुकीच्या पाटीवरचा बैल काढतो. एक बघून काढलेलं असतं आणि एक ऐकून काढलेलं. मास्तरांना ते एका नजरेत कळे, आणि या बाबतीत त्यांना आजवर कुणी फसवलेलं नव्हतं.

२

बारव बघून मास्तर पहिल्या पायरीवरच उभे राहिले. बाहेर गावावर धूळ, उन्हं आणि हाडकुळी गुरं. आणि जमिनीच्या पोटात हे एवढं मोठं, नेटकं, कोरून काढलेलं काम. आठशे वर्षांत एक दगड हललेला नव्हता. त्यांच्या शाळेची इमारत सात वर्षांत तिसऱ्यांदा गळायला लागली होती.

चारी भिंतींवरून शिल्पांच्या ओळी फिरवलेल्या होत्या. दर सहा-सात पायऱ्यांनी एक. सगळ्यात वरची ओळ व्याळांची. व्याळ म्हणजे देवळांवर असतो तो सिंहासारखा, हत्तीसारखा, कशासारखाच नसलेला प्राणी. कान ज्वाळेसारखे, गळ्यात मोत्यांची माळ, मिशीच्या जागी वेलबुट्टी. मास्तरांनी पुस्तकांत वाचलं होतं, की जुन्या कारागिरांनी चार प्राण्यांचे तुकडे जोडून हा बनवला. ओळ देखणी होती. पण होती ऐकून काढलेली. मास्तरांनी मनातल्या मनात दहापैकी चार दिले.

स्टुडिओवाल्यानं फोटो याच ओळीचा काढला होता. ओल्या पायऱ्यांवरून कॅमेरा खाली न्यायला तो तयार झाला नव्हता.

पाण्याला जाणाऱ्या बायांमधली सगळ्यात जुनी म्हातारी भिवराबाई. तिच्या मागून मास्तर उतरले. तळापासून सात पायऱ्या वर एक रुंद टप्पा होता. तिथं पोचल्यावर बायांनी घागरी खाली ठेवल्या आणि सगळ्या पाण्याकडं पाठ करून बसल्या. बोलणं बंद. डोक्यावर ऊन होतं. बारवेच्या तळाला ऊन पोचतं ते भर दुपारचं तेवढंच.

मास्तरांनी कारण विचारलं. भिवराबाईनं बोट ओठावर ठेवलं आणि त्यांनाही पाठ फिरवायची खूण केली. परगावी असताना मास्तर बायांशी वाद घालत नसत. तेही बसले.

थोड्या वेळानं मागून आवाज यायला लागला. घोट, मग थांबणं, मग घोट. सावकाश. मास्तरांनी विचार केला. गाळातून पाझर येतो, मध्ये हवा अडकते, ती सुटताना असा आवाज होणार. बायाही शहाण्याच म्हणायच्या, की पाणी गढूळ असताना उपसत नाहीत, गाळ बसू देतात. रीत होती ती आरोग्यखात्यानं शिकवावी अशी. फक्त गाळ बसण्यासाठी पाठ कशाला फिरवावी लागते, एवढं एक जुळत नव्हतं.

आवाज थांबला. बाया उठल्या, घागरी भरल्या, वर निघाल्या. चढताना मास्तरांनी भिवराबाईला तेवढंच विचारलं.

"कुनी पीत आसलं तर बघू न्हाई," भिवराबाई म्हणाली. "तुमच्या घरी शिकीवलं न्हाई का?"

३

मंगळवार आणि बुधवार मास्तर ओळींमागून ओळी काढत खाली सरकले, आणि जसजसे सरकले तसतशी त्यांची झोप उडत गेली. ही झोप भीतीनं नव्हे, आनंदानं उडाली.

दुसऱ्या ओळीतले व्याळ पहिल्यापेक्षा साधे होते. कानाच्या ज्वाळा कमी. तिसऱ्या ओळीत माळेचे मोती सारखे नव्हते, लहानमोठे होते. चौथ्या ओळीत वेलबुट्टीची पानं गळून नुसत्या रेषा राहिल्या होत्या. आणि पाचवी ओळ, तळाची, या माघापर्यंत पाण्याखाली होती. त्याआधी भिवराबाईनं ती पाहिली नव्हती, तिच्या सासूनं पाहिली नव्हती. तिथं व्याळ नव्हता. तिथं एक जनावर होतं.

ते पुढचे गुडघे टेकून पाणी पीत होतं. कोपराच्या मागं कातडीच्या सैल वळ्या. एक कान फाटलेला, जुनी जखम भरून कड आत वळलेली. ती फाटकी कड वरच्या ओळींत ज्वाळा झाली होती. गळ्याच्या घडीत गोचीड, लहानमोठे, रांगेनं. तेच वर मोती झाले होते. ओठावर ओले राठ केस, त्यांची वर वेलबुट्टी. मास्तरांनी दगडावरून हात फिरवला. बारव खोदतात वरून खाली, पण बांधतात खालून वर. म्हणजे हे जनावर आधी कोरलं गेलं. पुढच्यांनी त्याचं बघून काढलं, त्यांच्या पुढच्यांनी त्यांचं, आणि नक्कल वर चढता चढता वर पोचला तो देवळावरचा व्याळ. चार प्राण्यांचे तुकडे कुणी जोडलेच नव्हते. उलट एका प्राण्याचे तपशील एकेक करून सांडले होते.

केवढा माणूस असेल तो! छिन्नीच्या एका फटक्यात त्यानं कातडीची सुरकुती उठवली होती. गोचिडाचं पोट रक्तानं तटतटलेलं दाखवलं होतं. मास्तरांना कुणी बक्षीस दिलं असतं तरी इतकं सुख झालं नसतं. त्यांनी दहापैकी दहा दिले आणि वर स्वतःच्याच मनात कबूल केलं, की असे मार्क देण्याची आपली लायकी नाही.

मग कधीतरी त्या आनंदाच्या खालून एक विचार वर आला. कुणी ऐकून काढलं असेल तर काहीच बिघडत नाही. हे तर बघून काढलेलं आहे.

जनावराभोवती पायऱ्या कोरल्या होत्या आणि त्यांवर बारकी माणसं बसवली होती. बाया, बाप्ये, घागरी. सगळी पाठमोरी. एकच माणूस जनावराकडं तोंड करून बसलेला होता, आणि त्याच्या हातात छिन्नी होती.

४

गुरुवारी सुंदरराव उत्तरेश्वरला घेऊन आले. उत्तरेश्वर विहिरी फोडणारा. पंचक्रोशीतल्या सगळ्या कोरड्या विहिरी आपणच खोदल्यात, असं तो स्वतःच हसत सांगे. त्यानं कमानीत हात घातला, दगडावर बोटांनी ठोकलं आणि भिंत वीतभरच जाड असल्याचं सांगितलं. मागं पोकळी होती. किती, ते कळत नव्हतं. पहारीचे चार घाव घातले की कमान मोकळी. त्यानं शुक्रवारची दुपार ठरवली, कारण काम दिसायला तळाला ऊन पाहिजे.

सुंदररावांच्या मते ही कमान म्हणजे मकरमुख. जुन्या बारवांत मगरीच्या तोंडातून पाणी पडतं, तसंच हे, फक्त मगर झिजून गेलेली. मास्तरांनी अशी मकरमुखं पुष्कळ पाहिली होती. पाणी बाहेर पडून पडून त्यांच्या जिभेला खोबण पडते. इथं खोबण नव्हती. कमानीचा उंबरा झिजला होता तो रुंद, गुळगुळीत, आतून बाहेर कललेला. गोठ्यात गव्हाणीची कड झिजते तसा.

ते हे सुंदररावांना बोलले नाहीत. पट्टी काढून त्यांनी कमानीची रुंदी घेतली. एक हात चार बोटं. मग वर कोरलेल्या जनावराच्या तोंडाची रुंदी घेतली, कारण चित्रात मापं लिहावी लागतात.

एक हात चार बोटं.

उंचीही घेतली. तीही तीच. मास्तरांनी पट्टी पुन्हा लावून पाहिली. कारागीर शिल्पाला कमानीचं माप देऊ शकतो, शोभेसाठी, असं करतात. कमानीला शिल्पाचं मापही देता येतं. दोन्ही कारणं सरळ होती, कागदावर लिहिण्याजोगी होती. आणि तिसरं एक कारण होतं. त्यात शिल्प आणि कमान दोन्हींना माप दिलेलं होतं एका तिसऱ्याच वस्तूनं, आणि त्या वस्तूचं तोंड तेवढं मावावं, बाकीचं अंग मावू नये, इतक्या बेतानं कमान बांधलेली होती.

"काय झालं, मास्तर?" उत्तरेश्वरनं विचारलं.

मास्तर म्हणाले, पट्टी जुनी आहे.

५

शुक्रवारी इंजिन आलं. सुंदररावांनी त्याला हार घातला, नारळ फोडला आणि नारळाचं पाणी वाया जाऊ नये म्हणून बारक्या लेकरांत वाटलं. उत्तरेश्वर पहार आणि घण घेऊन टप्प्यावर उतरला. बाया तिथं होत्याच. भिवराबाईनं त्याची वाट अडवली नाही, आवाजही चढवला नाही. आधी त्याचं होऊ द्या, मग तुमचं करा, एवढंच म्हणाली.

मास्तरांनी तेवढा वेळ मागून घेतला. अहवाल अजून कोरा होता. कमान साधी आहे असं लिहावं तर पहार पडणार. पाडू नये असं लिहावं तर सातशे जनावरं जाणार, आणि तेही कशाच्या जोरावर, तर दोन सारख्या मापांच्या. ते म्हणाले, आज मी पाठ फिरवणार नाही. समोर बसून बघणार.

"बघा की," सुंदरराव म्हणाले. "सरकारनं बघायलाच तर पाठीवलंय तुमाला."

हसत हसत ते स्वतः मात्र पाठमोरे बसले. चाळीस बाया पाठ करून बसलेल्या असताना आपण एकट्यानंच टक लावून बघायचं, हे कुणाच्या पंगतीत उभं राहून बघण्यासारखं वाटलं असावं. उत्तरेश्वरही पहार मांडीवर घेऊन पाठमोरा बसला.

मास्तर पाण्यापासून तिसऱ्या पायरीवर, मांडीवर फळी, फळीवर कागद. ऊन भिंतीवरून घसरत तळाला आलं आणि कमानीवर पडलं.

आधी पाझर थांबला. मग कमानीतला काळोख एकदम कमी काळा झाला. तिथं काहीतरी येऊन बसलं होतं, डब्याला झाकण बसावं तसं, कुठं बोटभर फट न ठेवता. ओलं होतं. त्याला घड्या होत्या. घड्या उलगडल्या आणि पाण्याला लागल्या.

घोट. थांबणं. घोट.

पाणी एक बोट उतरलं. दोन बोटं. मास्तरांची पेन्सिल चालत होती, ती कोण चालवत होतं त्यांना सांगता आलं नसतं. त्यांना वाटलं होतं आपण घाबरू. पहिल्यांदा मनात आलं ते वेगळंच. बरोबर काढलंय, असं त्यांच्या मनात आलं. ओठाची दुमड, नाकपुडीची कड, सगळं त्या माणसानं बरोबर काढलं होतं, आणि काढताना त्याचा हात हलला नव्हता.

मग घोट थांबला.

हौदावर पाणी पिणारी गाय अनोळखी माणूस आला की अशी थांबते. तोंड पाण्यातच ठेवते आणि डोळा वळवते. इथं डोळा भिंतीच्या मागं होता. भिंत वीतभर होती.

घाव बसला नाही. बैल खाजवण्यासाठी खांबाला मान टेकतो, तसा कमानीला नुसता भार लागला. सांध्यातला चुना भुरभुरत पाण्यावर पडला. तळापासून वरपर्यंतच्या सगळ्या पायऱ्यांनी, त्यांवर बसलेल्या माणसांना खालून एकदा, हलकंसं उचललं आणि परत ठेवलं.

मास्तरांनी नजर खाली घातली. मग ते जागच्या जागी वळले आणि पाठ करून बसले. बराच वेळ काहीच नव्हतं. आणि मग, मागं, परत घोट.

सगळं संपल्यावर टप्प्यावर कुणी कुणाकडं बघेना. उत्तरेश्वरनं एकच विचारलं.

"मास्तर, केवढं हाय?"

"कमानीत तोंड बसतं," मास्तर म्हणाले. "तोंडच तेवढं."

उत्तरेश्वरनं थोडा विचार केला. पहार त्यानं बाजूला ठेवली आणि सुंदररावांकडं सिमेंटची दोन पोती मागितली. संध्याकाळच्या आत तो एकटा खाली उतरला. कमानीचा जिथला सांधा गळला होता तिथं, मनगटापर्यंत हात आत घालून, मान दुसरीकडं वळवून, त्यानं तो भरून काढला. त्याच्या सगळ्या कामांत हे एक काम असं, की ते त्यानं नंतर कधी कुणाला सांगितलं नाही. मास्तरांच्या मते तेही दहापैकी दहाचं होतं.

सुंदररावांनी इंजिनावरचा हार काढला. सोसायटीच्या सभेत त्यांनी जाहीर केलं, की तांत्रिक अडचण आहे. जनावरं छावणीत पाठवायची आणि बारवेचं पाणी माणसांपुरतं, घागरीनंच भरायचं. लोक चिडले, दोन-चार जणांनी सुंदररावांच्या सात पिढ्या काढल्या. त्यांनी ऐकून घेतलं. भिवराबाईनं आपली एकुलती गाय सगळ्यांच्या आधी सोडली आणि वेशीपर्यंत तिच्या बरोबर चालत गेली.

६

मास्तरांनी केजला परत येऊन अहवाल लिहिला. कमान ही बारवेचा आधार असून ती काढल्यास संपूर्ण बांधकाम ढासळेल, सबब हात लावू नये. वाक्य खरं होतं. सोबत तळाच्या शिल्पाचं चित्र, तोंड शुक्रवारच्या कागदावरून घेऊन, पक्कं करून जोडलं. त्यांच्या हातून आजवर असं चित्र उतरलं नव्हतं.

तीन आठवड्यांनी ते परत आलं. सोबतच्या पत्रात म्हटलं होतं, की अर्जासोबतच्या छायाचित्रातील प्राणी व आपल्या चित्रातील प्राणी यांत साम्य आढळत नाही. आपला प्राणी कोणत्याही ज्ञात शिल्पसंकेतात बसत नाही व अवाजवी जिवंत वाटतो. योग्य ते चित्र फेरसादर करावे. अन्यथा पथक पाठवून कमान उघडून आतील भागाची पाहणी करण्यात येईल.

मास्तर चित्र घेऊन सावरगव्हाणला गेले. खात्याचं काय चुकतं आहे ते त्यांना बघायचं होतं. तळाच्या ओळीसमोर चित्र धरलं आणि ताडून पाहिलं. दगडातल्या जनावराला दात पुरे होते. चित्रात डावीकडचे तीन नव्हते, तिथं नुसती हिरडी होती. दगडात ओठावरचे केस थोडे आणि जाड होते. चित्रात ते दाट होते, आणि मास्तरांनी जागा कोरी सोडून ते पांढरे दाखवले होते.

आठशे वर्षांत जेवढं म्हातारं व्हावं, तेवढंच ते झालं होतं. फार नाही.

ते टप्प्यावर येऊन टेकले. वर चारी ओळी दिसत होत्या. ज्वाळेचे कान, मोत्यांच्या माळा, वेलबुट्टी. इतके दिवस मास्तरांना वाटलं होतं, की या लोकांनी पाहिलं नाही म्हणून असं काढलं. आता नीट पाहिल्यावर त्यांना रेषेत कुठं अडखळणं दिसेना. न पाहणाऱ्याचा हात कुठंतरी अडखळतोच. हे हात अडखळले नव्हते. त्यांना नेमकं माहीत होतं, काय लपवायचं आणि ते कशाखाली लपवायचं.

दुपार झाली. बाया आल्या, घागरी ठेवून पाठमोऱ्या बसल्या. मास्तरांनी कोरा कागद काढला आणि त्यांच्यात जाऊन, पाण्याकडं पाठ करून बसले. फाटक्या कानाला त्यांनी ज्वाळा काढली. गोचिडांचे मोती केले, सगळे सारखे. पांढऱ्या केसांवर पानं आणि फुलं चढवली. दात सगळे दिले, वर दोन सुळे जास्तीचे. बावीस वर्षांत ज्या चित्राला चाराच्या वर मार्क दिले नसते, ते चित्र त्यांनी जीव ओतून काढलं.

शेजारून भिवराबाई वाकून बघत होती.

"आता बरं हाय," ती हळूच म्हणाली. "आता कुनी निरखून बघनार न्हाई."

मास्तरांनी मान हलवली आणि माळेत आणखी एक मोती काढला. पाठीमागं, सावकाश, पाणी कमी होत होतं.